संघमालक

खामगावच्या बसस्टँडसमोरच्या पानठेल्यावर ज्यांना सगळे ‘मालक’ म्हणतात, त्यांच्या मालकीचं या जगात फारसं काही नाही. घर बायकोच्या नावावर, मोटारसायकल पोराच्या नावावर, चार एकर वावर भावाकडे बटईनं, आणि चष्म्याची दोरी सुनेनं आणून दिलेली. उभी हयात एसटीत गेली. आधी वाहक, मग वाहतूक नियंत्रक. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी शाल-नारळ दिलं आणि मालकांनी रद्दीत निघालेल्या जुन्या वे-बिलांचा एक गठ्ठा मागून घेतला. एका बाजूला टप्पे आणि तिकिटांचे नंबर, दुसरी बाजू कोरी. त्या पाठकोऱ्या बाजूवर मालक तेव्हापासून बुलडाणा जिल्ह्याचा आयपीएल संघ काढत आहेत. म्हणून ते मालक.

असा एक माणूस तालुक्याच्या प्रत्येक गावी असतोच. कोणी विमानतळ आणत असतो, कोणी मेडिकल कॉलेज. आमच्याकडे खामगाव जिल्हा आणि खामगाव-जालना रेल्वे हे दोन मोठे विषय मालक निवृत्त होईपर्यंत जुन्याजाणत्या मंडळींत वाटले गेले होते. रेल्वेची मागणी तर शंभर वर्षांहून जुनी. तिथे नव्या माणसाला निवेदनावर चौदावी सही करण्यापलीकडे वाव नाही. आयपीएल मोकळी होती. मालकांनी ती घेतली.

“आपल्याले काय कमी हाये?” हे त्यांचं पहिलं वाक्य. “मानसं हायेत, पैसा हाये, देव हाये. संघ तेवढा नाही.”

लखनौचा संघ २०२१ साली ७,०९० कोटींना गेला. हा आकडा ऐकून साधारण माणूस चॅनल बदलतो. मालकांनी वे-बिल काढलं. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८. भागिले केलं तर डोई २७,४१४ रुपये. ही रक्कम दहा वर्षांत हप्त्याहप्त्यानं द्यायची, म्हणजे महिन्याला २२८ रुपये. “मोबाइलच्या रिचार्जले याच्याहून जास्त लागते,” मालक म्हणाले आणि पानठेल्यावरच्या प्रत्येकाकडे असं पाहिलं, की दोघांनी नकळत खिशाला हात लावला.

बाजार समितीतून परतलेल्या एका शेतकऱ्यासाठी त्यांनी तोच हिशोब सोयाबीनमध्ये करून दाखवला. २०२४-२५चा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल. त्या भावानं ७,०९० कोटी म्हणजे साधारण १ कोटी ४५ लाख क्विंटल.

“हमीभावानं?” शेतकऱ्यानं विचारलं.

“हमीभावानं.”

“मंग राहू द्या,” म्हणून तो खर्रा चोळत निघून गेला.

मालकांच्या हिशोबाला हसणं सोपं आहे, चूक काढणं अवघड. त्यांचा गुणाकार-भागाकार मी कधी चुकलेला पाहिला नाही. पूर्वी रात्री मुक्कामी गाडीचा वाहक पैसे भरायला आला, की याच माणसासमोर त्याची चिल्लर आपोआप नीट रचली जायची. गर्दी नावाची गोष्टही त्यांना आपल्यासारखी दिसत नाही. प्रकटदिनाला शेगावात लाखो माणूस येतो, १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी तेवढाच, होळीच्या सुमारास सैलानीला नारळांची पोती घेऊन तेवढाच. आपण ‘बापरे’ म्हणतो, मालक ‘जादा गाड्या’ म्हणतात. बसून ४४, उभे ११. तीस हजार प्रेक्षक म्हणजे ५५च्या हिशोबानं साडेपाचशे फेऱ्या, आणि घरच्या मैदानावर हंगामात सामने फक्त सात. “एका यात्रेत जेवढ्या फेऱ्या मी काढल्या, तेवढ्यात तुमची आयपीएल होऊन जाते, अन् वरतून बारा गाड्या डेपोत उभ्या राहातात.”

तिकिटांचं धोरणही ठरलेलं. महिलांना अर्धं, पंचाहत्तरीच्या पुढे मोफत. यावर कोणी हरकत घेतली, की मालक आवाज खाली आणतात, कारण हे धंद्याचं गुपित आहे. “पंच्याहत्तरीचा मानूस एकटा मॅचले येते का कधी? त्याले धरून आनाले नातू लागते. नातवाचं तिकीट फुल.”

खेळाचं अर्थशास्त्र मात्र मालकांना भाच्यानं शिकवलं. भाचा अमेरिकेत मिलवॉकीला असतो. दर रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल येतो. आधी दोन मिनिटं बहीण-भावाची ख्यालीखुशाली, मग पाऊण तास मामा-भाचे. मिलवॉकीची वस्ती पावणेसहा लाखांच्या घरात. तिथल्या सर्वांत वरच्या बेसबॉल लीगमध्ये तीस संघ आहेत आणि त्यांत मिलवॉकीचा एक. गाव मध्यम, संघ मोठा, झेपेल का, हा वाद तिकडे सत्तर वर्षं चालू आहे हे ऐकून मालकांना पहिल्यांदाच जगात कोणीतरी आपलं असल्यासारखं वाटलं.

“किती मॅची असतात?”

“एकशे बासष्ट, मामा. एक्क्याऐंशी घरी.”

“एक्क्याऐंशी?” मालकांनी फोन कानाला लावला, व्हिडिओ कॉल आहे हे विसरले. “मंग लोकं वावरात कधी जातात?”

भाच्यानं पुढची गोष्ट सांगितली ती मालकांच्या फार जिव्हारी लागली. मिलवॉकीत पूर्वी ब्रेव्ह्ज नावाचा संघ होता. १९५३ साली बोस्टनहून आला. गाव वेडं झालं. १९५७ला संघानं सगळ्यांत मोठी मालिकाही जिंकली. आणि १९६५चा हंगाम संपल्यावर तो अटलांटाला निघून गेला.

“बदली झाली?”

“बदली नाही मामा. मालकानं नेला.”

एसटीत माणसाची बदली होते, गाडीची होते, फार तर आगारप्रमुखाची होते; अख्खा डेपो उचलून दुसऱ्या जिल्ह्यात नेलेला मालकांनी पाहिला नव्हता. त्या रात्री ते नीट जेवले नाहीत असं वहिनी सांगतात. पुढच्या रविवारी भाच्यानं उतारा दिला. बड सेलिग नावाचा मोटारींच्या धंद्यातला एक गडी मिलवॉकीत हट्टाला पेटला आणि १९७०च्या वसंतात, हंगाम तोंडावर असताना, त्यानं दिवाळखोरीच्या कोर्टातून सिॲटलचा संघ विकत घेऊन गावात आणला. ते आजचे ब्रुअर्स. सिॲटलला तो संघ जेमतेम एक हंगाम खेळला होता.

“अन् सिॲटलवाले?”

“ते बसले बोंबलत.”

“म्हंजे एकाचं उठवून दुसऱ्याचं बसवलं,” मालक म्हणाले. पण त्यांच्या डोक्यात अडकला तो मोटारींचा धंदा. सोमवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून नांदुरा रोडवरच्या एका ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये गेले. तिथल्या शेठजींनी चहा दिला, सिॲटलची हकिगत शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, “मालक, तिकडं गाडी घेणारा पैसे देते. माझे मागच्या हंगामाचे हप्ते येऊ द्या, मंग पाहू.”

खरा दिवा लागला तो ग्रीन बेचं नाव निघाल्यावर. मिलवॉकीच्या उत्तरेला गाडीनं दोनेक तासांवर ग्रीन बे आहे. वस्ती लाखाच्या थोडी वर. तिथे अमेरिकन फुटबॉलचा पॅकर्स नावाचा संघ १९१९पासून आहे. मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीनं कपड्यांना पैसे दिले म्हणून हे नाव. स्टेडियम ८१ हजारांचं, म्हणजे जवळजवळ अख्खं गाव आत बसेल एवढं. आणि या संघाला मालक नाही. पाच लाखांहून जास्त लोकांनी थोडेथोडे शेअर घेतलेत. भाच्यानं स्वतः २०२१च्या विक्रीत तीनशे डॉलरला एक घेतला होता. तो त्यानं फ्रेमसकट कॅमेऱ्यासमोर धरला.

मालकांनी चष्मा पुसला.

“लाभांश?”

“नाही.”

“विकता येते?”

“नाही.”

“मंग येते काय?”

“हा कागद येतो. अन् वर्षातून एकदा सभेला बोलावतात.”

मालक बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “अरे, हे तं आपलं सहकार हाये!”

इथे मला मालकांची बाजू घ्यावीशी वाटते. बुलडाणा अर्बनसारखी आशियातल्या मोठ्यांत गणली जाणारी पतसंस्था ज्या जिल्ह्यात उभी राहिली, तिथल्या माणसाला शेअर म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. घरोघरी पेटीत कसला ना कसला भागदाखला असतो. जिनिंगचा, सूतगिरणीचा, कारखान्याचा. लाभांश पाहिलेला नसतो, वार्षिक सभेत पाहिलेली बुंदी मात्र आठवते. ग्रीन बेच्या माणसांनी जे १९२३ साली सुरू केलं, ते खामगावकराला ऐकताक्षणी घरचं वाटावं यात नवल नाही. २०११ला खामगावची वस्ती ९४,१९१ होती हेही मालकांनी लगेच सांगितलं. “आपल्याएवढंच गाव! अन् तिथून संघ नेता येत नाही. कोन नेईल? पाच लाख लोकायच्या सह्या कोन आनते?”

भाच्यानं बिचाऱ्यानं हेही सांगितलं, की त्या लीगचा आता नियम आहे: प्रत्येक संघात निदान तीस टक्के हिस्सा एकाच धन्याचा हवा. ग्रीन बेला फक्त जुनी म्हणून मुभा. मालकांनी ते उडवून लावलं. जुन्या सवलती नव्या अर्जावर कशा चालू ठेवायच्या, हे महामंडळाच्या निवृत्त माणसाला कोणी शिकवू नये.

बँक गॅरंटीचंही तसंच. कोचीचा संघ २०११चा एक हंगाम खेळला आणि गॅरंटी भरली नाही म्हणून बंद झाला. पुणे वॉरियर्स २०१३पर्यंत टिकले आणि तिथेही गाडी गॅरंटीपाशीच अडली. शाळेतल्या गणिताच्या सरांनी हा मुद्दा काढला तेव्हा पानठेल्यावर शांतता पसरली. मालकांनी सुपारी गालात सरकवली. “गॅरंटी म्हंजे जामीनदारच न? दोन लागतात. दोन्ही सरकारी नोकर. एक झेडपीचा शिक्षक घेऊ, एक एसटीतला.” असं म्हणून ते सरांकडे पाहत राहिले. सर झेडपीचेच आहेत. त्यांनी तो मुद्दा पुन्हा काढला नाही.

“आधी नागपूरला तर मिळू द्या,” असं कोणी म्हणालं, की मात्र मालक तापतात. विदर्भानं रणजी करंडक तीनदा जिंकला: २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५. जामठ्याला पंचेचाळीस हजारांचं स्टेडियम आहे. तरी विदर्भाचा आयपीएल संघ नाही. २०१०ला तेलंगणाच्या आंदोलनामुळे हैदराबादचे डेक्कन चार्जर्स काही सामने नागपूरला खेळले, तो पाहुणचार झाला. २०१६ला पंजाबचा संघ तिथे तीन घरचे सामने खेळणार होता, पण तो दुष्काळाचा उन्हाळा. हायकोर्टानं ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले, आणि ते तीन मोहालीला गेले. “नागपूरले अधिवेशन हाये, हायकोर्ट हाये, मेट्रो हाये,” मालक बोटं मोडतात. “वऱ्हाडानं नुसतं संत्री-कापूस पाठवत राहावं काय? आमच्या अकोल्याचा अथर्व तायडे आयपीएल खेळून आला, तवा जर्सी कोनाची होती? पंजाबची!”

पण त्या २०१६च्या निकालानं त्यांच्या हिशोबातला एक रकाना कायमचा उघडा राहिला: पाणी. मैदानाला पाणी लागतं, एप्रिल-मेमध्ये लागतं, आणि आमच्याकडे त्या दिवसांत नळ किती दिवसांनी आला यावरून लोक वार मोजतात. या रकान्यावरून मालक स्टेडियमच्या जागेच्या शोधाला लागले, आणि थेट लोणारला पोचले. उल्केनं पाडलेला आयता गोल खड्डा, चहूकडून उतार, मध्ये पाणी. बांधकामाचा खर्च वाचला. वे-बिलावर खड्ड्याचा व्यास आला १.८ किलोमीटर. म्हणजे मधोमध खेळपट्टी टाकली तर सीमारेषा नऊशे मीटरवर. आयपीएलमध्ये ती ऐंशीच्या आतच असते. “सिक्स बंद होतील,” गणिताचे सर म्हणाले. “पळून काढतील,” मालक म्हणाले. शिवाय ते अभयारण्य, २०२०पासून रामसर यादीत, आणि पाणी खारं. हिरवळ जगायची नाही. त्याच वर्षी जूनमध्ये तळ्याचं पाणी अचानक गुलाबी झालं. देशभरचे शास्त्रज्ञ कामाला लागले. मालक एवढंच म्हणाले, “हे राजस्थान रॉयल्सवाल्यायचं काम हाये. आधीच कलर मारून ठेवला.”

मग बुलडाणा शहर. धरमशाला थंड हवेचं, बुलडाणाही थंड हवेचं. इंग्रजांनी उगाच का मुख्यालय वर नेलं? धरमशाला एवढंसं गाव, तिथे पंजाबचा संघ खेळतो की नाही? हा युक्तिवाद महिनाभर टिकला असेल. तेवढ्यात मालकांना रत्नागिरी सापडली.

२०२३ला महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. पुणे, नाशिक, कोल्हापूर, संभाजीनगर, सोलापूर यांच्या पंगतीत रत्नागिरीचाही संघ. रत्नागिरीची वस्ती २०११ला ७६ हजार, खामगावपेक्षा कमी. आणि रत्नागिरी जेट्स पहिल्या दोन्ही वर्षी विजेते! मालकांना आनंद व्हावा की पोटात दुखावं हे चार दिवस ठरेना. पाचव्या दिवशी त्यांना कळलं, की सामने सगळे पुण्याजवळ गहुंज्याला होतात. ते पानठेल्यावर आले तेच हात वर करून. “स्टेडियम लागतच नाही! पानी लागत नाही! रत्नागिरीवाल्यायनं घरी बसून दोनदा कप जिंकला!” विदर्भानंही २०२५ला आपली टी-ट्वेंटी लीग जामठ्याला सुरू केली आणि तिच्या संघांत बुलडाण्याचं नाव नाही, ही गोष्ट आम्ही त्यांना मुद्दामच थोडी उशिरा सांगितली.

तरी प्रेक्षकांचा प्रयोग करून पाहायचाच, असं मालकांच्या मनात होतं. एका हिवाळ्यात जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानावर टेनिस बॉलची नाइट टूर्नामेंट लागली. प्रथम बक्षीस ५१,००० रुपये, फ्लेक्सवर बक्षीस देणाऱ्यांचे फोटो खेळाडूंपेक्षा जास्त. मालकांनी आयोजक पोरांकडून अंतिम सामन्याचं गेट मागून घेतलं. तिकीट दहा रुपये. घरच्या माळ्यावरून त्यांनी आपला जुना तिकिटांचा पंच काढला, त्याला खोबरेल लावलं, आणि खांद्याला चामडी पिशवी अडकवून संध्याकाळी सहापासून फाटकात उभे राहिले. सवयीनं ते पंच नुसताच वाजवत होते, टिकटिक, टिकटिक. त्या आवाजानं दोन म्हाताऱ्या बाया चिखलीची गाडी कुठं लागली म्हणून विचारून गेल्या.

तिकिटं गेली अकरा. त्यांतली चार गणिताच्या सरांनी जामीनदारीच्या धास्तीनं घेतली. एकानं फाटकी नोट खपवली. एक गृहस्थ आत जाऊन पाच षटकांनी परत आले आणि उरलेल्या मॅचचे पैसे मागू लागले. मालकांनी त्यांना टप्पे पद्धत समजावून सांगितली.

आत मैदान रिकामं आणि बाहेर अख्खं गाव. शाळेच्या भिंतीवर माणसं, पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर माणसं, समोरच्या गच्च्यांवर सतरंज्या टाकून बायकापोरं. रस्त्यावर एकापाठोपाठ एक ट्रॅक्टर उभे, ट्रॉलीत पराटीचा बिछाना आणि त्यावर आजोबांपासून नातवापर्यंत सगळं कुटुंब. लिंबाच्या झाडावर तर वरच्या फांद्या आधीपासून ठरलेल्या. माइकवरचा पोरगा रंगात आला होता: “आणि हा चेंडू गेला थेट गुरांच्या दवाखान्यात! डॉक्टरसाहेब, चेंडू परत करा, इंजेक्शन देऊ नका!” मालक टॉर्च घेऊन मैदानाला बाहेरून चक्कर मारून आले, भिंतीवरचे, गच्चीवरचे, झाडावरचे मोजत, जसे पूर्वी रात्रीच्या गाडीत टपावरचे मोजायचे. हजाराच्या वर भरले. वे-बिलावर त्यांनी लिहिलं: भारमान दीडशे टक्के, उत्पन्न एकशे दहा रुपये.

आम्हाला वाटलं, म्हातारा खचला. दुसऱ्या दिवशी मालक कधी नव्हे ते सगळ्यांना कट चहा पाजत होते. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेलेत, हा आकडा त्यांनी कुठूनसा काढून आणला होता, आणि त्यातला मोठा वाटा संघांना मिळतो हेही. “लोकं फुकट पाहातात, पैसा टीव्हीवाला देते! मंग आपल्या लोकायइतकं फुकट कोन पाहू शकते?”

मी यावर बराच विचार केला, आणि म्हातारा बरोबर आहे. मिलवॉकीला वर्षातल्या एक्क्याऐंशी दिवशी खरीखुरी माणसं खुर्च्यांवर बसवावी लागतात; गाव लहान असलं की तिथे दमछाक होते. आयपीएलचा संघ पोसायला गाव लागतच नाही. कोणीतरी सही करायला लागतो आणि जर्सीवर लिहायला एक नाव लागतं. सात संध्याकाळी साडेपाचशे फेऱ्या काढणारा नियंत्रक तर आमच्याकडे तयारच होता.

तेव्हा नाव ठरवायला मालकांनी प्रवर्तकांची सभा बोलावली. रसवंतीच्या मागच्या खोलीत सतरंज्या टाकल्या. शेगावहून कचोरी मागवली. तेराही तालुक्यांतून एकेक माणूस यावा अशी व्यवस्था होती, बहुतेक आलेही. निवृत्त मंडळी, एक माजी सरपंच, दोन क्रीडाशिक्षक, आणि जळगाव जामोदचे एक गृहस्थ, ज्यांचं म्हणणं असं, की आधी भेंडवळच्या घटमांडणीत काय निघतं ते पाहावं, मग पैसे काढावेत. ग्रीन बेची हकिगत सगळ्यांना पटली. डोई २२८ रुपयेही कोणाला जड वाटले नाहीत. प्रत्येकी १०१ रुपये प्राथमिक वर्गणी जागच्या जागी जमली, पावत्या फाटल्या. सरकारी कामाच्या मानानं हे सगळं इतकं सुरळीत चाललं होतं, की मला भीती वाटू लागली.

“नाव सोपं हाये,” मालक म्हणाले. “बुलडाणा...”

“कायले बुलडाणा?” खामगावचाच एक माणूस उठला. “रेल्वे खाली, बाजारपेठ खाली, चांदी खाली, कंपन्या खाली. अन् नाव वरतं?”

ज्यांना आमचा जिल्हा माहीत नाही त्यांच्यासाठी: याचे दोन मजले आहेत. बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेडराजा हे घाटावर, बाकीचे घाटाखाली. मध्ये घाट, आणि घाटात अस्वलं. आमच्याकडे सोयरीक जुळवताना जात-कुळी पाहून झाली, की शेवटी विचारतात, घाटावरचे का घाटाखालचे?

“मुख्यालय कुठं आहे?” बुलडाण्याचे गृहस्थ शांतपणे म्हणाले. ते शांतपणे बोलले म्हणूनच जास्त भडकलं.

मलकापूरकर म्हणाले, मुंबई-हावडा मेन लाइन आमच्या दारातून जाते. शेगावकर म्हणाले, दारातून जाते ना, आमच्याकडे थांबते. मेहकरचे सरपंच म्हणाले, आता रेल्वे कोण विचारतो, समृद्धी आमच्याकडून गेली. देऊळगाव राजाचे म्हणाले, आम्हाला जालना जवळ पडतं, आम्ही संध्याकाळी जालन्यालाच मॅच पाहून येऊ, फक्त वर्गणी परत करा. नांदुऱ्याच्या क्रीडाशिक्षकांनी मधला मार्ग म्हणून १०५ फुटी हनुमंताचं नाव सुचवलं. ते दोन्ही मजल्यांना मान्य झालं असतं, पण सामना हरल्यावर घोषणा काय द्यायची या प्रश्नावर अडलं. मोताळ्याचे, ज्यांचं गाव अगदी घाटाच्या पायथ्याशी, ते एकटे काही न बोलता तिसरी कचोरी खात होते.

मालकांनी दोन्ही हात पसरले. “बोथ्याले करू! घाटातच! ना वरतं, ना खालतं!”

“जंगल आहे तिथं.”

“वाघ आला न तिथं २०१९ले? टिपेश्वरहून, तेराशे किलोमीटर चालून? वाघाले जागा पटली, विराट कोहलीले नाही पटणार?”

कोणी ऐकत नव्हतं. घाटावरचे उठून खिडकीकडे गेले, घाटाखालचे दाराकडे सरकले. खिडकीकडच्यांनी तिथल्या तिथे अध्यक्ष निवडला. दाराकडच्यांनी अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष निवडला. वर्गणीचे पैसे टोपीत होते. टोपी मालकांच्या हातात. दोन्ही बाजू त्या टोपीकडे पाहत होत्या. मला वाटलं, आता संपलं. उद्यापासून वे-बिलं चुलीत.

मालकांनी टोपीतले पैसे ओतले, दोन ढिगारे केले, दोन्ही मोजले. मग चष्मा वर सरकवून ते माझ्याकडे वळले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी जादा गाडी वेळेवर सुटल्यावरच पाहिलं होतं.

“न्यूयॉर्कले बेसबॉलचे संघ किती?”

“दोन.”

“शिकागोले?”

“दोन.”

“अन् आपून एकासाठी भांडून राह्यलो!” त्यांनी नवं वे-बिल घेतलं, पाठकोरी बाजू वर केली आणि ७,०९०ला दोननं गुणायला सुरुवात केली.

खिडकीकडून गणिताच्या सरांचा आवाज आला, “मालक, मग जामीनदार किती लागतील?”

“चार,” मालक मान वर न करता म्हणाले. “तुम्ही दोन्हीकून सह्या केल्या, तं तीनच.”